गोधडीचा भाव

ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नवरा वारला, सोडून गेला किंवा त्याने दुसरी केली, की मागे राहिलेली बाई ‘अर्धा कोयता’ होते. अर्ध्या कोयत्याची उचल कमी, आणि सोबत भाऊ किंवा दीर नसेल तर बरेच मुकादम तिला फडावर न्यायलाच राजी नसतात. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात अशा एकट्या बाया गावोगाव आहेत. कित्येकींची गर्भपिशवी तिशी-पस्तिशीतच काढलेली. या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, वर्तमानपत्रांत मथळे आले. गावात ही गोष्ट त्याआधीच घराघराला ठाऊक होती. कंबर गेलेली, डोक्यावर मोळी पेलत नाही, आणि पोरं अजून शाळेत.

या बायांसोबत मी गेली काही वर्षं गोधड्यांचं काम करते आहे. गोधडी निवडली, कारण तिला सुई-दोऱ्यापलीकडे अवजार लागत नाही, पोराला मांडीवर घेऊनही चार टाके घालता येतात आणि ओझं न उचलता बसून करायचं हे काम आहे. कुणी आपल्या तालुक्यात असंच काही उभं करू पाहत असेल, तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे. काही मुद्दे लांबतील, कारण गाडं नेमकं तिथेच अडतं.

१. टाका त्यांना येतोच

प्रशिक्षण म्हटलं की फलक लागतो, शहरातून कुणीतरी शिकवायला येतं आणि बाया रांगेत बसतात. गोधडीच्या बाबतीत हे उलटं करावं लागतं. पहिल्याच बैठकीत एक काकू म्हणाल्या, “ताई, गोधडी काय शिकायची गोष्ट हाय व्हय? ती तर समद्यांनाच यिती.” त्यांचं खरं होतं. जमिनीवर साडी अंथरून तळहाताने तिच्यातली हवा काढायची, वर दुसरा थर, तिसरा थर, मग काठापासून धावदोरा सुरू करून चौकटीत चौकट करत मध्यापर्यंत यायचं आणि कुठेही झोळ राहू द्यायचा नाही. हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीच्या हातात आहे. विशीतल्या सुनांच्या हातात ते नाही, कारण त्या दुकानातल्या ब्लँकेटांवर वाढल्या.

म्हणून शिकवणाऱ्या आमच्याच आज्या. त्यांना आम्ही प्रशिक्षक म्हणून रीतसर मानधन देतो. अंगठा उठवणाऱ्या बाईने मानधनाच्या पावतीवर अंगठा उठवला, की तिच्या घरात तिच्याशी बोलण्याची तऱ्हा बदलते. सून तिला विचारून चहा टाकते. हा फरक मी अनेक घरांत पाहिला आहे आणि कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मला त्याची किंमत जास्त वाटते.

शिकवायचं उरतं ते वेगळंच. घरची गोधडी पायाकडे चार बोटं लांब झाली तरी बिघडत नाही. गिऱ्हाइकाला साठ बाय नव्वद इंच म्हणजे तेवढीच लागते. हात, वीत, बोट या मापांवर हयात गेलेल्या बायांना टेप परका वाटतो. आम्ही न ताणणाऱ्या जाड दोरीला साठ आणि नव्वद इंचांवर गाठी मारल्या. तिसरी गाठ कर्णाची: दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकोन बरोबर, नाहीतर गोधडी तिरकी. भूमितीचं नावही न काढता हे सगळ्यांना एका दुपारीत कळलं. दोऱ्याची गाठ थरांच्या आत दडवणं, उलट्या बाजूनेही शिवण स्वच्छ दिसणं, कोपरे दुमडणं, हे त्यानंतर.

२. अर्धं काम कापडात असतं

पूर्वी घरात सुती लुगडी होती, धोतरं होती. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड सुईला आपणहून वाट द्यायचं. आता खेड्यातही बहुतेक साड्या सिंथेटिक. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की चुणी पडते, अंगावर घेतलं की घाम येतो. घरच्या वापराला चालून जातं, विकायला नाही.

सुती कापड तीन वाटांनी मिळतं. एक, भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून. त्यांच्याकडे निवड करायला वेळ काढावा लागतो, पण शहरातल्या उत्तम सुती साड्या त्यांच्याच गाठोड्यांत असतात. दोन, इचलकरंजीचं मांजरपाट आणि किलोवर मिळणारे सुती कटपीस. आतल्या थराला मांजरपाट चांगलं. तीन, गिऱ्हाइकाने स्वतः पाठवलेल्या साड्या.

जुनी साडी उन्हासमोर धरून पाहायची. नेसताना जिथे ताण पडतो तिथे वीण विरलेली असते आणि उजेड आरपार येतो. तो भाग वरच्या थराला घ्यायचा नाही. पदर आणि काठ बहुधा धड असतात. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने प्रत्येक रंग घासून बघायचा. तांबडा आणि गडद हिरवा हमखास दगा देतात. रंग फडक्याला लागला तर ते कापड वेगळं धुवायचं, पुन्हा घासायचं, तरीही लागत राहिला तर बाजूला ठेवायचं, कितीही देखणं असलं तरी. आणि शिवण्याआधी सगळं कापड गरम पाण्यातून काढायचंच. नवं मांजरपाट आकसतं, जुनी साडी आकसत नाही. न धुता शिवली तर पहिल्या धुण्यात गोधडीला पोक येतं.

तिसऱ्या वाटेबद्दल थोडं जास्त सांगते. आई किंवा आजी गेल्यावर तिच्या साड्यांचं काय करायचं, हा प्रश्न शहरातल्या घरांत असतो. टाकवत नाहीत, नेसवत नाहीत. अशा साड्यांची गोधडी शिवून देण्याचं काम आमच्याकडे आपणहून आलं आणि आता सगळ्यात मोलाचं झालं आहे. कापडाचा खर्च नाही, भावाची घासाघीस नाही. पण जबाबदारी मोठी. आलेली प्रत्येक साडी वहीत नोंदवायची, तिचा फोटो काढायचा आणि कात्री लावण्याआधी फोनवर विचारायचं की पदर कुठे यायला हवा, काही जपून ठेवायचं आहे का. ती साडी बाजारात दुसरी मिळत नाही. आमच्या बाया हे काम फार मायेने करतात; त्यांच्या स्वतःच्या घरातही कुणीतरी गेलेलं असतं.

३. टाके मोजा, मग बोला

इथे मी रेंगाळणार आहे.

साठ बाय नव्वद इंचांची गोधडी घ्या. शिवणीच्या दोन ओळींत अर्ध्या इंचाचं अंतर. क्षेत्रफळ ५,४०० चौरस इंच, त्याला अर्ध्याने भागलं की शिवणीची एकूण लांबी १०,८०० इंच, म्हणजे ९०० फूट, म्हणजे पावणेतीनशे मीटरच्या आसपास. इंचाला तीन टाके धरले तरी बत्तीस हजारांहून जास्त. तीन-चार थरांतून सुई काढत, मध्येच कापड सारखं करत, सरावाची बाई तासाला सहा-सात मीटर शिवते. चाळीस तासांच्या खाली गोधडी होत नाही. आठ तासांचा दिवस धरला तर पाच दिवस.

आता २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये रोज. पाच दिवसांचे झाले १,४८५. ही खड्डे खणायची मजुरी आहे. गोधडीला तर पंचवीस-तीस वर्षांचा हात लागतो. या मजुरीत कापड, दोरा, धुलाई, कुरिअर, प्रदर्शनातलं भाडं, न खपलेला माल हे सगळं मिळवा. अडीच हजारांच्या आत विकलेली हातशिवणीची गोधडी म्हणजे कुणाची तरी मजुरी बुडाली आहे, असं मी आता ठामपणे म्हणते. गावात मात्र शिवणावळ काही शेकड्यांतच मिळते. बाया ती घेतात, कारण त्यांच्या मते त्यांनी काम केलेलंच नसतं. “मोकळ्या टायमात केलं ताई, त्याचं काय घ्यायचं?” हे वाक्य प्रत्येक गटात, प्रत्येक गावात ऐकलं आहे.

हा मोकळा वेळ मोजून दाखवल्याशिवाय काहीही हलत नाही. तास लिहायला सांगून उपयोग नाही. पाणी आणायला उठायचं, शेळी सोडायची, सासूला औषध द्यायचं, त्यात तासाचा हिशोब राहत नाही. आमच्यातल्या एका मावशीने युक्ती काढली. सुईत नवा दोरा ओवला की डब्यात एक चिंचोका टाकायचा. दोरा साधारण दीड मीटरचा. सुईच्या नाकातलं टोक, वळणं आणि गाठी वजा जाता त्यातून सव्वा मीटरच्या वर शिवण निघते. गोधडी पुरी झाल्यावर सगळ्यांसमोर डबे रिकामे केले. प्रत्येकीच्या पुढ्यात दोनशेच्या वर चिंचोके. एका दोऱ्याला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिलं, गुणाकार फळ्यावर केला. बराच वेळ बाया आपसांतच बोलत राहिल्या. मग ज्या काकूंनी “समद्यांनाच यिती” म्हटलं होतं त्याच म्हणाल्या, “मग आतापोतर मपलं किती गेलं?”

त्यानंतर भाव ठरवायच्या बैठकीत मी बोलत नाही. भाव बाया ठरवतात. गिऱ्हाईक “एवढी महाग?” म्हणालं तर गोधडीसोबत दिलेल्या चिठ्ठीवर वरचाच हिशोब मराठीत छापलेला आहे. तो वाचून परत जाणारे थोडे. यंत्रावर शिवलेल्या रजया याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात आणि त्या वाईट नसतात. ज्याला त्या हव्यात त्याने त्या जरूर घ्याव्यात. त्या किमतीशी हाताने शर्यत लावली तर हरणार ती बाईच.

४. पहिला पैसा आठवड्यात हातात पडावा

एकटीच्या घरात महिन्यानंतरच्या पैशाला अर्थ नसतो. म्हणून सुरुवात मोठ्या गोधडीने करू नका, दुपट्याने करा. छत्तीस इंचांच्या चौरस दुपट्याला तेवढ्याच अंतराने शिवण घातली तर साधारण सहासष्ट मीटर होते. नऊ-दहा तासांचं काम, घरचं सांभाळून तीन दिवसांत पुरं. बारशाला द्यायला सुती दुपटं शहरात पटकन खपतं, परदेशातल्या नातवंडांसाठी आज्या-आजोबा तीन-तीन घेऊन जातात. बाळासाठी नियम कडक ठेवायचे: मणी, टिकली, गोंडा काही नाही, गाठ वर नाही, दोनदा धुतल्याशिवाय पिशवीत घालायचं नाही.

आणि पैसे माल विकल्यावर द्यायचे नाहीत, माल हातात आल्यावर द्यायचे. त्यासाठी गटाकडे फिरता निधी हवा. तो नसेल तर आधी तो उभा करा, मग सुई धरायला सांगा.

५. चाळिशी

टाके वाकडे येऊ लागले, अंतर वाढलं, तर बाई आळसावली असं समजण्याआधी तिचे डोळे तपासा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसणं सर्वांनाच येतं, पण खेड्यातली बाई त्यासाठी चष्मा घेत नाही. ती सुई ओवायला नातवाला बोलावते आणि हळूहळू सुईच सोडते. बांगलादेशात ग्रामीण कष्टकऱ्यांना जवळचं दिसण्याचे साधे चष्मे देऊन केलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला; चष्मा मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त निघाली. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर चष्मा आहे, मग अंगुस्तान, मग सुया. पाठीला टेकू आणि दिवसाचा उजेड हेही सामानच समजा.

६. कुठे बसायचं आणि कोण बसणार

गटाला जागा लागते. आमच्या एका गावात समाजमंदिर रिकामं, स्वच्छ, पंखा चालू. तिथे बसायचं ठरवलं, तर वरच्या आळीतल्या बाया आल्याच नाहीत. कारण कुणी तोंडाने सांगितलं नाही. समाजमंदिर बौद्धवाड्यात होतं, एवढंच. एकीच्या वाड्यात बसायचं ठरवलं तर दुसऱ्या बाया उंबऱ्याबाहेर टेकायच्या. अशा वेळी दोन गट करून मोकळं होण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो घेऊ नये. वेगळे गट झाले की चांगलं कापड, चांगलं गिऱ्हाईक आणि बँकेतली ओळख एकाच आळीकडे जाते आणि ज्यांच्यासाठी काम सुरू केलं त्याच बाहेर राहतात.

आम्ही जागा समाजमंदिरच ठेवली आणि कापडवाटप, मापाची दोरी, रोख चुकती करणं, सगळं तिथेच ठेवलं. ज्यांना काम हवं होतं त्या आल्या. चहा तिथेच होतो. काही जणी आजही तो घेत नाहीत. पण एकाच गोधडीच्या चार बाजूंना चौघी बसून शिवतात, एकमेकींच्या सुईला दोरा ओवून देतात, आणि पाच वर्षांपूर्वी हे त्या गावात घडत नव्हतं.

दुसरी गोष्ट हळदीकुंकवाची. बायांचा कार्यक्रम म्हटलं की सुरुवात हळदीकुंकवाने करायची सवय आहे. ज्या गटात निम्म्या विधवा, तिथे पहिल्याच मिनिटाला निम्म्या जणी मागे सरकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. ठरावाची प्रत आम्ही वाचून दाखवली. हळदीकुंकू बंद केलं, त्याऐवजी प्रत्येकीला सुयांची पुडी देतो. ती घेताना कुणालाच मागे सरकावं लागत नाही.

७. जांगड

शहरातली दुकानं माल जांगडवर मागतात. विकला गेला तर पैसे, नाहीतर माल परत. दुकानदाराला यात काही धोका नाही, सगळा धोका बाईच्या डोक्यावर. एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या दुकानाने आमच्या गोधड्या अख्खा हिवाळा काचेत मांडल्या, उन्हात रंग उडाल्यावर परत पाठवल्या, आणि विकल्या गेलेल्यांचे पैसे पुढच्या पावसाळ्यात दिले. तेव्हापासून नियम एक: निम्मे पैसे आधी, बाकीचे माल पोचल्यावर. दुकानं कमी झाली, पैसे वाढले.

गटाची उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन होते, फुकट होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर हे एक वाक्य छापलं तरी फरक पडतो. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा अशा ठिकाणी मात्र बायांनी स्वतः जावं, कितीही घाबरल्या तरी. गिऱ्हाइकाने गोधडी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली, की बाईला आपलं काम पहिल्यांदा परक्या नजरेने दिसतं.

८. तिचं दुःख विकायला काढू नका

गोधडीसोबत बाईची कहाणी जोडली की खप वाढतो, असं विक्रीचं गणित सांगणारे भेटतात. नवरा दारू पिऊन मेला, सासरच्यांनी हाकललं, वगैरे. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. दयेने घेतलेली गोधडी माणूस एकदाच घेतो. मऊ, उबदार आणि टिकाऊ गोधडी घेतलेला माणूस बहिणीसाठी दुसरी मागवतो. शिवाय ती कहाणी फोनवरून फिरत तिच्याच गावात परत येते, आणि तिला तिथेच राहायचं असतं.

नावाची चिठ्ठीसुद्धा विचारूनच लावायची. आम्हाला वाटायचं, शिवणाऱ्या बाईचं नाव गोधडीवर असावं, तिला मान मिळावा. बहुतेकींना ते आवडतंही. पण एकीने सरळ सांगितलं, “नाव नगं. दिराला कळलं मी कमावते, तर पोराच्या वाट्याच्या जमिनीचं नाव काढू देणार न्हाई.” तिच्या गोधडीवर फक्त गावाचं नाव असतं.

९. प्रत्येकीने सुई धरावी असं नाही

दिवाळी झाली की ज्यांना सोबत मिळते त्या आजही तोडीला जातात. त्यांना अडवायचा हक्क आपल्याला नाही. उचल एकरकमी मिळते, गोधडीचे पैसे सुटे येतात. म्हणून माल जूनपासून दिवाळीपर्यंत तयार करायचा आणि थंडीत, त्या फडावर असताना, गावी राहिलेल्या बायांनी विकायचा, हे वेळापत्रक आम्ही बसवलं. दोन हंगामांनंतर काही जणी जायच्या थांबल्या. सगळ्या नाही.

काहींना शिवणकामाची आवड नसते, आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगावं अशी हवा गटात असली पाहिजे. एकीला शेळ्या हव्या होत्या, तिला त्यासाठी कर्ज मिळवून दिलं. मुलींना सुईपेक्षा फोन आवडतो. फोटो, मापं, कुरिअर, हिशोबाची वही त्यांच्याकडे आहे आणि त्यांनाही मजुरी मिळते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आलेल्या बायांना विणकामही दिलं, शेतीही दिली आणि छापखान्यात खिळे जुळवायलाही बसवलं. त्यांचं मराठी बायबल तिथल्या बायांनीच छापलं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांना हे सुचलं त्यांच्यापुढे, निराधार बाई म्हणजे शिलाई मशीन एवढ्यावरच अडकलेली आपली कल्पनाशक्ती मला तोकडी वाटते.

इथेच एक सावधगिरी. पैसा दिसू लागला की कला हातची जाऊ शकते. वारली लग्नातला चौक सवाष्णी लिहीत; १९७० नंतर ती चित्रं कागदावर उतरली, जगभर गेली आणि ती काढणारे मोठ्या संख्येने पुरुष झाले. जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा थोरच होती, त्याबद्दल वाद नाही. पण चौक लिहिणाऱ्या बायांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे विचारलं पाहिजे. गटाचे पदाधिकारी, खातं आणि मालाचा ताबा बायांकडेच राहील असं आमच्या नियमांत म्हणूनच लिहिलं आहे. हिशोब बघायला तयार असलेले मुलगे आणि पुतणे बैठकीला येऊ शकतात, सही करू शकत नाहीत.

१०. कागदावर ती कोण आहे

सप्टेंबर २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. त्यात अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, टोपल्या-झाडू करणारे, मासेमारीचं जाळं विणणारे. गोधडी नाही. अवजारांसाठी १५ हजारांची मदत मिळते, पण आमच्या बायांना ती हवी तर शिंपी म्हणून अर्ज करावा लागतो. मशीन न चालवणारी बाई शिंपी कशी, असं पडताळणीत विचारलं जातं. या यादीत गोधडी यायला हवी.

खात्याचंही तसंच. खातं तिच्या नावाचं असतं, कार्ड दिराच्या किंवा मोठ्या मुलाच्या खिशात असतं. पहिल्या पैशाआधी तिला बँकेत नेऊन नवं, एकटीचं खातं उघडा आणि कार्ड तिच्या हातात आल्याची खात्री करा. विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे काहीच कागद नसतो, रेशनकार्डावर ती अजून सासरीच असते. वेगळं रेशनकार्ड काढणं हा आमच्या कामाचा भाग आहे, गोधडीइतकाच.

आणि तरीही काही जणी म्हणतात, “ताई, खात्यावर नका टाकू, हातात द्या.” हे नुसतं अडाणीपण असं समजून पुढे जाणारे अधिकारी मी पाहिले आहेत. या बायांना संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यांनी अर्ज भरले तेव्हा त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची अट होती वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. महिन्यात एक गोधडी आणि एक दुपटं शिवलं तर बाई या रेषेपलीकडे जाते आणि खात्यावर ते दिसतं. गोधडीची मागणी कमी-जास्त होते, अनुदान ठरलेलं येतं. कुठल्या पैशाला घट्ट धरायचं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. आम्ही खोटी नोंद करत नाही. प्रत्येकीला अट समजावून सांगतो, तिच्यासमोर वर्षाचा हिशोब मांडतो आणि किती काम घ्यायचं ते तिच्यावर सोडतो. काही जणी रेषेच्या अलीकडे थांबतात. त्यांचे हात रिकामे राहतात आणि आमच्याकडे मागणी पडून असते.

रोजगार हमीत वर्षाला १०० दिवस कामाची कायद्याने हमी होती. २९७ रुपयांच्या दराने शंभर दिवसांचे २९,७०० होतात. सरकारने हमी दिलेलं काम पुरं करणारी बाई सरकारच्याच दुसऱ्या योजनेत निराधार उरत नाही, आणि तिचं घर मात्र तेवढंच निराधार असतं. ही मर्यादा निदान दुप्पट करावी, आणि हाताच्या कामातून मिळणारं पहिल्या दोन वर्षांचं उत्पन्न तिच्यात धरू नये, असा अर्ज आम्ही तहसीलपासून वरपर्यंत दिला आहे. दुसऱ्या तालुक्यांतल्या गटांनीही तो द्यावा. मसुदा लागला तर आम्ही पाठवू.